बोलता न येणारा पेशंट

शाळेच्या क्षेत्रभेटींची एक ठरलेली यादी असते. पोस्ट ऑफिस, बँक, पोलीस ठाणं, दूध डेअरी, झालंच तर एसटीचा डेपो. जनावरांचा दवाखाना त्या यादीत सहसा नसतो, आणि याचं नवल वाटतं. कारण गावाकडं तो हाकेच्या अंतरावर असतो. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेचे श्रेणी १ आणि श्रेणी २ असे पशुवैद्यकीय दवाखाने मोठ्या गावांतून पसरलेले आहेत. श्रेणी १ मध्ये पशुवैद्यकाची पदवी घेतलेले पशुधन विकास अधिकारी असतात, श्रेणी २ चा कारभार पशुधन पर्यवेक्षक बघतात. तालुक्याच्या ठिकाणी लघु पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आणि जिल्ह्याला मोठं सर्वचिकित्सालय. आत जायला तिकीट नाही. हवी ती फक्त डॉक्टरांशी आधी बोलून ठरवलेली वेळ.

अशा भेटीतून मुलांना प्राण्यांबद्दल प्रेम वाटू लागतं, असं म्हणतात. वाटत असेलही. पण गोठ्यातच वाढलेल्या पोरांना ते प्रेम शिकवायला दवाखाना कशाला हवा? दवाखान्यात शिकण्यासारखं आहे ते वेगळंच. माणसांचे डॉक्टर ‘कुठं दुखतंय?’ असं विचारून सुरुवात करतात. इथल्या पेशंटला बोलता येत नाही. त्यामुळे पाहणं, हात लावणं, वास घेणं, ऐकणं, मोजणं आणि मालकाला नेमके प्रश्न विचारणं, एवढ्या भांडवलावर निदान करायचं असतं. विज्ञानाच्या पुस्तकात ‘निरीक्षण करा, नोंद करा, अनुमान काढा’ हे शब्द दर पाठाखाली येतात. जनावरांच्या दवाखान्यात ते तिन्ही दहा मिनिटांत डोळ्यांसमोर घडतात, आणि त्यावर एका जिवाचं बरं-वाईट अवलंबून असतं.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना शाळेची शिफारस आहे. त्या काळात मुलांनी गावातल्या कारागिरांचं आणि व्यावसायिकांचं काम जवळून बघावं, अशी कल्पना. त्यातला एक दिवस या दवाखान्याला द्यावा, एवढंच या प्रकरणाचं सांगणं. तो दिवस सत्कारणी कसा लावायचा, ते पुढं बघू.

खोड्याजवळ

दवाखान्याच्या आवारात शिरलं की पहिल्यांदा दिसतो तो लोखंडी पाइपांचा खोडा. गाय, म्हैस किंवा बैल त्यात उभा करून पुढं-मागं आडवे दांडे लावले की जनावराला वळता येत नाही आणि डॉक्टरांना लाथ बसत नाही. मुलांना वाटतं, तपासणी खोड्यात सुरू होते. प्रत्यक्षात ती त्याआधीच, जनावर फाटकातून आत येत असताना सुरू झालेली असते. चालताना कुठला पाय उचलून टाकतंय? मान खाली आहे की वर? कान हलतायत का, शेपटीनं माश्या हाकलतंय का? पोटाच्या दोन्ही बाजू सारख्या आहेत का? नाक ओलं आहे की कोरडं? निरोगी गाईचं नाक कायम दमट असतं, त्यावर बारीक थेंब असतात. ते सुकलं की ताप आला असावा, ही शंका गोठ्यातल्या आजीलाही येते.

मग मालकाची उलटतपासणी. मुलांनी ही कान देऊन ऐकावी.

‘मावशी, कधीपासनं असं?’

‘काल सांजच्यापासनं वैरण टाकलीय हिनं.’

‘रवंथ करते का?’

‘न्हाई.’

‘शेण कसं टाकलं? पातळ, का घट्ट?’

‘थोडंच टाकलं.’

‘परवा काही वेगळं खाल्लं? नवी पेंड, ओली ज्वारी, लग्नाघरचं उरलेलं जेवण?’

इथं मावशी जरा थांबतात. मग हळूच कळतं, की गाय रात्री दावं तोडून मक्याच्या ढिगावर गेली होती. निदानाचा अर्धा रस्ता या एका उत्तरानं कापला जातो. गाईचं पोट कडबा-गवत पचवायला तयार झालेलं असतं. त्यात एकदम भरमसाट धान्य पडलं, की पोटातले जीवाणू त्याचं झपाट्यानं आम्ल करतात आणि पचन बंद पडतं. पोळ्याला बैलांना कौतुकानं पुरणपोळ्या चारल्या जातात, लग्नानंतर उरलेला भात गाईपुढं ओतला जातो, तेव्हा हेच घडतं. कोवळ्या ज्वारीची गोष्ट निराळी. पोटऱ्यात न आलेल्या ज्वारीच्या पानांत असा एक घटक असतो, की तो पोटात गेल्यावर त्यातून हायड्रोसायनिक आम्ल तयार होतं. जास्त खाल्लं तर जनावर थोड्या वेळात तडफडून पडतं. म्हणून कोवळ्या ज्वारीत गुरं सोडू नयेत, हे म्हातारी माणसं सांगतात ते बरोबरच आहे. त्यामागचं रसायनशास्त्र डॉक्टर पाच मिनिटांत समजावून देतात.

प्रश्न विचारणं ही कला असते, हे मुलांना इथं कळतं. ‘काय झालंय?’ असा मोघम प्रश्न विचारला तर ‘आजारी हाय’ असं मोघम उत्तर येतं. ‘किती’, ‘कधीपासून’, ‘कसं’ असं विचारलं की माहिती बाहेर पडते.

आकड्यांची भाषा

आता थर्मामीटर. मुलांत खसखस पिकते ती इथं, कारण जनावराचा ताप गुदद्वारातून मोजतात. हसू ओसरलं की आकडे सांगावेत. माणसाचं सर्वसाधारण तापमान ९८.६ अंश फॅरनहाइट. गाईचं १०१ ते १०२.५, कुत्र्याचंही जवळपास तेवढंच, शेळीचं त्याहून थोडं वर आणि कोंबडीचं चक्क १०५ ते १०७. म्हणजे निरोगी कोंबडीचं अंग आपल्या मापानं सणकून तापलेलंच असतं. ‘नॉर्मल’ हा आकडा कुणाचा, हे ठरल्याशिवाय ताप आहे की नाही हे ठरत नाही. इतका महत्त्वाचा विचार एरवी सहावीच्या वर्गात शिकवायचा तर घाम फुटेल.

नाडीचंही तसंच. माणसाची मनगटावर, कुत्र्याची मांडीच्या आतल्या बाजूला आणि गाईची शेपटीच्या बुडाशी, खालच्या अंगानं. मोठ्या गाईचे ठोके मिनिटाला साधारण ६० ते ८०, शेळीचे ७० ते ९०. कोंबडीचे मोजता मोजता बोटं थकतील, ते अडीचशेच्याही पुढं जातात. मुलांनी आधी स्वतःची नाडी मोजून वहीत लिहावी आणि शेजारी या आकड्यांचा तक्ता करावा. शरीर जितकं लहान तितकं हृदय घाईत, हा नियम त्यांना तक्त्यातून आपोआप दिसेल. शिक्षकांनी तो आधी सांगून टाकू नये.

त्यानंतर या भेटीतला सगळ्यात मोलाचा क्षण येतो. डॉक्टर स्टेथोस्कोप गाईच्या डाव्या भकाळीवर, म्हणजे शेवटची फासळी आणि कमरेचं हाड यांच्यामधल्या खळग्यावर टेकवतात आणि नळ्या एका मुलीच्या कानात देतात. आधी काही नाही. मग हळूहळू दूरवर ढग गडगडल्यासारखा आवाज उठतो, वाढत जातो, विरतो. पुन्हा शांत. घड्याळ लावून मोजलं तर निरोगी गाईत असा आवाज दोन मिनिटांत दोन ते चार वेळा येतो. हा कोटीपोटाचा आवाज. गाईच्या पोटाचे चार कप्पे असतात आणि कोटीपोट हा त्यातला सगळ्यात मोठा. मोठ्या गाईत त्यात शंभर लिटरहून अधिक ऐवज मावतो. तिथं अब्जावधी सूक्ष्मजीव गवतातलं सेल्युलोज फोडतात. हे काम गाईला स्वतःच्या पाचकरसांनी जमत नाही, आपल्यालाही जमत नाही. ते पोट दर थोड्या वेळानं सगळा ऐवज घुसळतं. आवाज बंद म्हणजे कारखाना बंद. मक्याच्या ढिगावर गेलेल्या त्या गाईच्या भकाळीवर स्टेथोस्कोप लावला तर कदाचित काहीच ऐकू येणार नाही, आणि तेच निदान. निरोगी आणि आजारी अशा दोन्ही गाई एकाच सकाळी ऐकायला मिळाल्या, तर त्या वर्गाचं नशीब थोर.

दात आणि मोजपट्टी

गाईला जन्मतारीख विचारता येत नाही. ती दातांत लिहिलेली असते. डॉक्टर गाईचा खालचा ओठ खाली ओढतात, तेव्हा मुलांना पहिला धक्का बसतो: वरच्या जबड्यात पुढचे दात नाहीतच! तिथं एक कडक गादी असते आणि खाली आठ दात. वासराचे दुधाचे दात पडून जोडीजोडीनं पक्के दात येतात. दोन वर्षांच्या आसपास पहिली जोडी, मग साधारण सहा महिने ते वर्षाच्या अंतरानं पुढच्या जोड्या. बैलबाजारातले आदत, दुसा, चौसा, जुळलेला हे शब्द शेतकऱ्याच्या पोराला पाठ असतात. वर्गात एरवी मागच्या बाकावर बसणारा मुलगा इथं डॉक्टरांच्या आधी ‘चौसा हाय’ म्हणून मोकळा होतो, तेव्हा शिक्षकांनी त्याला पुढं बोलवावं आणि इतरांना समजावून सांगायला लावावं. या भेटीत ज्ञानाची उतरंड बऱ्याचदा उलटी होते. ती होऊ द्यावी.

कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कुरणशाळा चालवल्या, त्यामागं हाच विचार होता. गुरं राखायची म्हणून शाळेत न येणाऱ्या आदिवासी मुलांकडं, कुरणात, शाळाच गेली. जे मूल दिवसभर गुरांमागं असतं, त्याच्या डोळ्यांनी टिपलेलं पुष्कळ असतं. शाळेनं त्याला आकडा, तक्ता आणि कारण यांची जोड द्यायची.

औषधाची मात्रा वजनावर ठरते. खेड्यात गाय तोलायला काटा कुठला? म्हणून पशुवैद्यक मोजपट्टीनं वजन काढतात. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर मोजायचा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या हाडापर्यंत लांबी. दोन्ही इंचांत. घेराला घेरानं गुणायचं, आलेल्या आकड्याला लांबीनं, आणि त्याला ६६० नं भागायचं. उत्तर किलोत मिळतं. घेर ६० इंच आणि लांबी ५० इंच असेल तर ३६०० गुणिले ५० म्हणजे १,८०,०००. भागिले ६६०. गाय साधारण २७३ किलोची. हा अंदाज असतो, त्यात थोडी चूक राहतेच. पण ‘वर्ग करणे’ या क्रियेचा असा उपयोग मुलांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिलेला असतो. शांत स्वभावाची एखादी गाय असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली चार मुलांनी स्वतः मोजावं आणि प्रत्येकाचं उत्तर फळ्यावर लिहावं. उत्तरं वेगवेगळी येतील. का आली, यावर चर्चा झाली तर मोजमापातल्या त्रुटीचा धडाही पुरा होतो.

लसींचा फ्रीज

आतल्या खोलीतल्या फ्रीजमध्ये लसींच्या बाटल्या असतात आणि त्यांच्यासोबत एक थर्मामीटर. बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात. त्यापेक्षा जास्त उष्णतेनं त्या निकामी होतात आणि काही गोठल्यानंही. पावसाळ्याच्या तोंडावर घटसर्प आणि फऱ्या या रोगांच्या लसी टोचतात, कारण पहिल्या पावसानंतर हे रोग डोकं वर काढतात. शेळ्या-मेंढ्यांना पावसाआधी आंत्रविषाराची लस देतात. लाळ्या खुरकूतासाठी तर केंद्र सरकारनं २०१९ मध्ये देशव्यापी लसीकरण मोहीम सुरू केली. लस टोचलेल्या जनावराच्या कानात पिवळा बिल्ला दिसतो. त्यावरचा बारा अंकी क्रमांक ही त्याची ओळख, आपल्या आधार क्रमांकासारखीच बारा अंकांची.

२०२२ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात लम्पी त्वचारोगाची मोठी साथ आली, तेव्हा गाईंना शेळ्यांच्या देवीवरची लस टोचली गेली. हे दोन्ही विषाणू एकाच कुळातले, त्यामुळे एकाविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसऱ्यालाही अडवते. मुलांच्या आठवणीत तो काळ ताजा असतो. कुणाच्या घरची गाय त्यात गेलेली असते. या विषयावर त्यांना प्रश्न विचारायला भरपूर वेळ द्यावा.

आणि इथंच बुळकांडीची गोष्ट सांगावी. या रोगानं शतकानुशतकं गुरांचे कळपच्या कळप मारले. १७६१ साली फ्रान्समधल्या लियों शहरात जगातली पहिली पशुवैद्यक शाळा स्थापन झाली, त्यामागं या रोगाचं थैमान हे एक मोठं कारण होतं. भारतात १८८९ साली पुण्यात सरकारी जीवाणू प्रयोगशाळा सुरू झाली. गुरांच्या साथींचा अभ्यास हेच तिचं काम. ती चारच वर्षांत हिमालयातल्या मुक्तेश्वरला हलवण्यात आली आणि तिथं १८९७ मध्ये जीवाणूशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख बुळकांडीच्या संशोधनासाठी येऊन गेला. आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था ती हीच. लसीकरणामुळे भारतातली बुळकांडीची शेवटची नोंद १९९५ ची आहे, आणि २०११ मध्ये साऱ्या जगातून हा रोग संपल्याची घोषणा झाली. माणसानं पृथ्वीवरून कायमचे हद्दपार केलेले रोग आजवर दोनच: माणसांमधली देवी आणि गुरांमधली बुळकांडी. दुसऱ्याचं श्रेय अशाच दवाखान्यांतून निघून वाड्या-वस्त्यांवर लस घेऊन फिरलेल्या हजारो माणसांना जातं. परिचर, व्रणोपचारक, पशुधन पर्यवेक्षक ही पदं पाट्यांवर वाचताना मुलांना त्यांचं मोल कळायला हवं.

फ्रीजशेजारी ॲल्युमिनियमचा एक मोठा कॅन असतो. झाकण उघडलं की पांढरी वाफ बाहेर सांडते आणि मुलं दोन पावलं मागं सरतात. आत द्रवरूप नायट्रोजन, तापमान उणे १९६ अंश सेल्सिअस. त्यात जातिवंत वळूंचं वीर्य बारीक नळ्यांमध्ये साठवलेलं असतं. कृत्रिम रेतनाचा विषय आला की शिक्षक अवघडतात. अवघडू नये. खेड्यातल्या मुलांना गाय माजावर येणं ठाऊक असतं. डॉक्टर सरळ भाषेत सांगतात आणि मुलं तितक्याच सरळपणे ऐकून घेतात.

पोटातलं प्लास्टिक, बाटलीतलं औषध

बऱ्याच दवाखान्यांत एक बरणी असते. तिच्यात गाईंच्या पोटातून निघालेल्या वस्तू: खिळे, तारांचे तुकडे, नाणी, सुया. गाय चारा निवडून, चावून खात नाही. ती आधी भराभर गिळते आणि मग सावकाश रवंथ करते. त्यामुळे वैरणीतली तार सहज पोटात जाते आणि जाळीपोट या कप्प्यात अडकते. जाळीपोट आणि हृदय यांच्यामध्ये एक पातळ पडदा तेवढा असतो. तार तो भेदून हृदयापर्यंत पोचली, की गाय वाचणं कठीण. म्हणून काही ठिकाणी गाईला एक लोहचुंबक गिळायला देतात. तो जाळीपोटात बसून राहतो आणि लोखंडी वस्तूंना धरून ठेवतो. चुंबकाच्या धड्यात हा उपयोग मात्र कुणी लिहीत नाही!

प्लास्टिकला असा चुंबक नाही. शिळं अन्न पिशवीत बांधून गाठ मारून टाकलं, की गाय पिशवीसकट गिळते. पिशवी पचत नाही आणि बाहेरही पडत नाही. ती कोटीपोटात साठत जाते, दोऱ्या-चिंध्यांसह तिचा घट्ट गोळा बनतो. शस्त्रक्रिया करून काढलेला असा गोळा दहा-वीस किलोचा, कधी त्याहून जड निघतो. महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली. तरी हे थांबलेलं नाही. अन्न टाकायचंच झालं तर पिशवी सोडवून, अन्न वेगळं आणि पिशवी वेगळी टाकायची, एवढं एक मूल घरी जाऊन सांगू लागलं तरी पुष्कळ.

औषधांच्या कपाटासमोर गिधाडांची गोष्ट सांगता येते. जनावरांच्या वेदना आणि सूज कमी करण्यासाठी डायक्लोफेनॅक सर्रास टोचलं जायचं. औषध दिलेलं जनावर दगावलं आणि गिधाडांनी ते खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. १९९० च्या दशकापासून भारतातल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. कारण उलगडल्यावर २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली आणि त्याऐवजी गिधाडांना अपाय न करणारं मेलॉक्सिकॅम वापरात आलं. गाईला बरं करणारी बाटली आकाशातला पक्षी संपवते, ही साखळी मुलांना अन्नसाखळीच्या कुठल्याही आकृतीपेक्षा जास्त लक्षात राहते.

कुत्रं, मांजर आणि शहरातला दवाखाना

शहरातल्या शाळांना खोडा आणि गाय सहज मिळणार नाही, पण त्यांच्याकडं दुसरं काही आहे. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं रुग्णालय १८८३ पासून उभं आहे, आणि त्याच्या लगतच १८८६ साली सुरू झालेलं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय. ट्रामचे घोडे आणि गाड्यांचे बैल हे मुंबईचे पाय होते, त्या काळातल्या या संस्था. आज शहरातल्या खासगी क्लिनिकमध्ये मुलांना कुत्र्याचा एक्स-रे, वजनाचा सपाट काटा, टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात अडकवलेली प्लास्टिकची कॉलर हे सगळं बघायला मिळतं.

पण शहर असो वा गाव, कुत्र्यांबद्दलचा एक धडा चुकवून चालणार नाही. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. माणसाला होणारा रेबीज ९९ टक्के वेळा कुत्र्याकडून येतो, आणि रेबीजचा संशय असलेल्या प्राण्यांनी चावलेल्या लोकांत सुमारे ४० टक्के पंधरा वर्षांखालची मुलं असतात. त्यातच मुलांची एक खोड असते. ओरडा बसेल म्हणून ती चावल्याचं घरी सांगत नाहीत. डॉक्टरांनी मुलांच्या डोळ्यांत बघून सांगायच्या गोष्टी मोजक्याच आहेत. चावलेली किंवा ओरखडलेली जागा वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची. चुना, मिरची, हळद काही लावायचं नाही. लगेच मोठ्यांना सांगायचं आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करायची. अनोळखी कुत्रं अंगावर आलं तर पळायचं नाही. हात अंगाशी धरून, नजर खाली ठेवून गप्प उभं राहायचं. खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लांजवळ असलेल्या कुत्र्याच्या वाटेला जायचं नाही. मुलांकडून हे तिथंच करून घ्यावं, नुसतं सांगून भागत नाही.

शाळेतल्या अशा धड्यांनी फरक पडतो का? गोव्याचं उदाहरण समोर आहे. तिथं राज्य सरकार आणि ‘मिशन रेबीज’ ही संस्था यांनी २०१३ पासून मिळून काम केलं. वर्षाला ९५ हजारांहून जास्त कुत्र्यांना लस टोचली आणि सुमारे दीड लाख मुलांपर्यंत रेबीजचे धडे पोचवले. २०१९ पर्यंत कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी खाली आला आणि माणसांचे मृत्यू थांबले. लस आणि शाळा या दोन्हींच्या जोडीनं हे साधलं.

रेबीजवरची लस माणसाला पहिल्यांदा टोचली ती १८८५ च्या जुलैमध्ये, लुई पाश्चरच्या देखरेखीखाली, जोसेफ मायस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला. चौथीतल्या मुलाच्या वयाचाच तो होता. हे सांगितलं की वर्गातली चुळबुळ थांबते.

भेटीची आखणी

आता शिक्षकांसाठी काही कामाच्या गोष्टी. साठ मुलांचा घोळका घेऊन गेलात तर जनावर बिथरतं आणि मागच्या चाळीस जणांना काही दिसत नाही. पंधरा-वीस मुलांचे गट करावेत. सकाळी पेशंट असतात तेव्हाच जावं, पण आठवडी बाजाराचा किंवा लसीकरण मोहिमेचा दिवस टाळावा, डॉक्टरांना मान वर करायला फुरसत नसते. परिसरात लाळ्या खुरकूताची साथ असेल तर भेट पुढं ढकलावी. तो विषाणू चपला-बुटांवरून गोठ्यागोठ्यात जातो.

मुलांनी जनावराच्या मागं उभं राहू नये. गाय बाजूलाही लाथ झाडते, याची आठवण द्यावी. आवारात खाणं-पिणं नाही, तोंडात पेन्सिल नाही, हाताला जखम असेल तर पट्टी. बाहेर पडताना साबणानं हात धुणं सक्तीचं, कारण जनावरांकडून माणसांकडं येणारे आजार पुष्कळ आहेत. कच्च्या दुधातून येणारा ब्रुसेलोसिस त्यातलाच एक. ‘दूध उकळूनच प्यायचं’ या घरच्या नियमाचं कारणही इथंच सांगून टाकावं. जनावराच्या मालकाला विचारल्याशिवाय फोटो काढू नयेत. त्याच्यासाठी तो काळजीचा प्रसंग असतो.

काय दाखवू नये, हेही आधी डॉक्टरांशी बोलून ठरवावं. शवविच्छेदन नको, मोठी शस्त्रक्रिया नको. मात्र एखादं मूल ‘ती मरणार का?’ असं विचारेल, तेव्हा ‘छे, काही होत नाही’ असं म्हणून वेळ मारून नेऊ नये. ‘आम्ही प्रयत्न करतोय, पण सांगता येत नाही’ हे खरं उत्तर मुलांना पेलतं.

प्रत्येक मुलाच्या हाती काम असावं. एक गट घड्याळ लावून श्वास मोजेल, दुसरा मालक आणि डॉक्टर यांची प्रश्नोत्तरं लिहून घेईल, तिसरा दातांचं चित्र काढेल, चौथा वजन काढेल. सूक्ष्मदर्शक असेल तर आणखी एक प्रयोग जमतो. शेणाचा खडा मिठाच्या संपृक्त द्रावणात कालवून गाळून ठेवला, की बऱ्याच जातींच्या जंतांची अंडी वर तरंगतात. वरचा थेंब काचपट्टीवर घेऊन पाहिला की ती दिसतात. ‘शेण बघून औषध कसं देतात?’ याचं उत्तर डोळ्यांना मिळतं. घनतेचा धडाही पुढं सरकतो.

शाळेत परतल्यावर निबंध लिहायला लावला की भेटीचा जीव जातो. त्यापेक्षा एक आठवड्याचं काम द्यावं. घरचं किंवा शेजारचं एक जनावर निवडायचं. शेळी, गाय, कुत्रं, कोंबडी, काहीही. रोज एकाच वेळी पाहून पाच नोंदी करायच्या: खाणं, पाणी, रवंथ, शेण, मिनिटाला श्वास. ज्या प्राण्याला जे लागू नाही ते सोडायचं. आठवड्यानंतर प्रत्येकाकडं त्या जनावराचा ‘नॉर्मल’ तयार असेल, आणि त्यात उद्या काही बिघडलं तर ते सर्वांत आधी त्याच मुलाच्या ध्यानात येईल.

याचा उपयोग लवकरच होतो. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे. त्यावर ‘आमची शेळी आजारी आहे’ एवढंच सांगता येतं. ‘शेळीनं काल दुपारपासून पाला खाल्ला नाही, रवंथ थांबलाय, डावी भकाळी फुगलीय, एरवी मिनिटाला वीसेक श्वास घेते ती आता चाळीस घेतेय’ असंही सांगता येतं. दुसरा फोन आला, की डॉक्टर गाडीत बसायच्या आधीच पोटफुगीची औषधं काढून ठेवतील.